बाळ बूड वर करून झोपते, कोपऱ्यात डोके खुपसते : कॉटमध्ये झोपवण्याविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न : मांजलपूरची आई

नमस्कार. आम्ही बडोद्यात मांजलपूर भागात राहतो. आमचा मुलगा सात महिन्यांचा असून आतापर्यंत तो घरच्या घोडियातच झोपत आला. गुजरातबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की घोडिया म्हणजे चौकटीला टांगलेली कापडी झोळी. बाळाला त्यात ठेवून दोरीने झोके द्यायचे असतात. आमच्याकडचा घोडिया संखेड्याचा, लाखेच्या रंगकामाचा आहे, घरातील तीन पिढ्या त्यात वाढल्या आणि त्यामुळे तो सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. परंतु मुलगा दोन्ही बाजूंना सहज वळू लागल्यापासून झोळीत कुशीवर होताना त्याचे नाक कापडाला टेकलेले दिसू लागले. तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही त्याला आमच्याच खोलीत, आमच्या पलंगाशेजारी, कठड्याच्या लाकडी कॉटमध्ये झोपवायला सुरुवात केली.

आता अडचण अशी आहे की मी त्याला उताणा ठेवते, आणि तो थोड्याच वेळात पालथा होतो, गुडघे पोटाखाली घेतो, बूड वर करतो आणि गाल गादीला टेकवून तसाच गाढ झोपी जातो. काही वेळा तो सरकत सरकत कॉटच्या कोपऱ्यात जातो आणि डोके कठड्याला भिडवून झोपतो. कधी एक पाय गजांमधून बाहेर आलेला असतो, तर कधी रात्री डोके होते तिथे सकाळी पाय असतात. मी रात्रीतून अनेकदा उठून त्याला सरळ करते, तो चिडून रडतो, आणि पुन्हा झोपवण्यात आम्हा दोघांचीही झोप मोडते. सासूबाईंचे म्हणणे असे की दोन्ही बाजूंना लोड लावावेत, कठड्याला आतून मऊ गादीची झालर बांधावी आणि डोक्याखाली मोहरीची उशी द्यावी, म्हणजे तो हलणार नाही आणि डोकेही गोल राहील. त्या हे अत्यंत मायेने सांगतात, म्हणून त्यांना नुसते नको म्हणण्याऐवजी मला कारण देता यावे अशी इच्छा आहे.

त्याला दर वेळी उताणे करणे आवश्यक आहे का? बूड वर करून झोपल्याने पोटावर किंवा श्वासावर ताण येतो का? आणि झोक्याची सवय असलेल्या बाळाला स्थिर कॉटमध्ये झोप लागण्यासाठी काय करावे? मांडीवर गाढ झोपलेला मुलगा कॉटमध्ये ठेवताक्षणी डोळे उघडतो, हे तर रोजचेच झाले आहे.

उत्तर : निवृत्त बालरोग परिचारिका

आपण प्रश्न अतिशय नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मी बालरोग विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि बूड वर करून झोपणाऱ्या बाळांच्या आयांची काळजी जवळून पाहिली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वांत आधी आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. बाळाला झोपवताना प्रत्येक वेळी, दुपारच्या छोट्या झोपेलाही, पाठीवर उताणेच ठेवावे, आणि हा नियम वर्षभर पाळावा. पण जे बाळ उताण्याचे पालथे आणि पालथ्याचे उताणे असे दोन्ही प्रकारे स्वतःहून होऊ शकते, ते झोपेत स्वतः वळले तर त्याला पुन्हा सरळ करण्यासाठी रात्रभर जागण्याची गरज नाही. आपला मुलगा दोन्ही बाजूंना सहज वळतो असे आपण लिहिले आहे. त्याची मान पक्की आहे, गाल गादीला टेकलेला असताना त्याला तोंड वळवता येते आणि अडचण वाटल्यास छाती उचलताही येते. तेव्हा आपण त्याला उताणा ठेवावे आणि पुढची कूस त्याची त्याला ठरवू द्यावी. ज्या बाळाला अजून एकाच बाजूने वळता येते, ते पालथे पडून अडकू शकते, त्याला मात्र अलगद पुन्हा उताणे करावे. दिवसा जागेपणी जमिनीवर चटई टाकून त्याला भरपूर पालथे खेळू द्यावे, म्हणजे हे दुसरे वळणही लवकर येते.

उताणे झोपवण्याचा आग्रह कशासाठी, हे सासूबाईंना सांगायचे असेल तर त्यामागे मोठा अनुभव आहे. पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके बाळांना पोटावर झोपवण्याची पद्धत होती, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांची संख्याही तिकडे मोठी होती. पोटावर झोपण्याचा या मृत्यूंशी संबंध आहे हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पोटावर न झोपवण्याची शिफारस केली, १९९४ पासून तेथे देशभर मोहीम चालवली गेली, आणि पुढील दहा वर्षांच्या आत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याकडे आज्या-पणज्या बाळाला उताणेच निजवत आल्या, हे आपले भाग्यच म्हणावे लागेल. या आकस्मिक मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि सर्वाधिक धोका पहिल्या ते चौथ्या महिन्यात असतो. आपला मुलगा त्या टप्प्यातून पुढे आला आहे, तरी वर्ष पूर्ण होईपर्यंत कॉटमधील शिस्त सोडू नये.

बऱ्याच घरी अशी भीती असते की उताणे बाळ दूध ओकेल आणि ते श्वासात जाईल. शरीराची रचना उलट आहे. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत जायला चढावे लागते आणि बाळ ते सहसा गिळून टाकते किंवा बाहेर ओकते. पालथ्या बाळात हीच रचना उलटी होते आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकते. म्हणून वरचेवर गुळण्या करणाऱ्या बाळालाही उताणेच ठेवतात.

आता गुडघे पोटाखाली घेऊन झोपण्याविषयी. गर्भात बाळ हातपाय आखडून असते, आणि जन्मानंतरही त्याची घोटे, गुडघे, खुबे दुमडण्याची ओढ पुष्कळ काळ टिकते. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ रांगण्याच्या तयारीला लागते, दिवसा गुडघे पोटाखाली घेऊन अंग उचलायचा प्रयत्न करते, आणि तीच हालचाल झोपेतही होते. बाळाच्या झोपेचा जवळपास निम्मा भाग लहान वयात हलक्या, चळवळ्या झोपेचा असतो. त्या वेळी डोळे पापण्यांआड फिरतात, चेहऱ्यावर हसू येते, हातपाय हलतात आणि बाळ कॉटभर सरकते. त्यात पोटावर वाईट ताण येत नाही. काही बाळांना त्या स्थितीत वायू मोकळा होऊन बरेच वाटते. पाय गजांमधून बाहेर येणे, डोके कोपऱ्याशी भिडवणे, हेही याच सरकण्यामुळे होते. डोके कठड्याला टेकले म्हणून ते त्याला टोचत असेल असे नाही, कित्येक बाळांना डोक्याला काहीतरी भिडलेले असले की अधिक शांत वाटते.

एवढे सांगून झाल्यावर मुख्य गोष्टीकडे येते, कारण मला असे ठामपणे वाटते की बाळाची स्थिती हा निम्मा प्रश्न आहे आणि ती स्थिती कोणत्या जागेत घेतली गेली, हा उरलेला निम्मा. बाळ कोठेही सरकणार असेल, तर ते जिथे जिथे पोहोचेल तिथे श्वास अडवणारे काही नसले पाहिजे. लोड, उशी, कठड्याची मऊ झालर, भरलेली खेळणी, जाड गोधडी या साऱ्या गोष्टींत त्याचे तोंड रुतू शकते. गाल घट्ट गादीला टेकला की नाक मोकळे राहते, पण मऊ लोडात चेहरा गेला की बाळ आपलाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेऊ लागते. कठड्याला झालर बांधल्याने टेंगूळ येत नाही, एवढाच तिचा फायदा आहे आणि त्याच्या बदल्यात गुदमरण्याचा व दोरीत अडकण्याचा धोका येतो. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून अशा मऊ झालरींची विक्रीच बंद केली. गजांमधून पाय निघणे हा त्यापेक्षा फारच किरकोळ त्रास आहे.

मोहरीच्या उशीविषयी सासूबाईंना असे सांगता येईल की तिचा हेतू डोक्याला गोलाई येण्याचा असतो आणि ती गोलाई आता खेळण्याने येते. बाळ सतत एकाच बाजूला डोके ठेवून झोपले तर मागचा भाग चपटा होतो हे खरे आहे. परंतु त्यावर जागेपणी पालथे खेळवणे, कडेवर घेणे, कॉटमध्ये डोक्याची दिशा एक दिवसाआड बदलणे हे उपाय आहेत. शिवाय आपला मुलगा आता स्वतः वळतो आणि लवकरच बसू लागेल, त्यामुळे डोक्यावरचा तो दाब आपोआप कमी होणार आहे. वर्षाआतील बाळाला कोणतीही उशी नको, मग ती मोहरीची असो की कापसाची.

उत्तर : दांडिया बाजारातील आजी

वरील उत्तर मला पटले, परंतु घोडियाविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण माझ्या पाचही नातवंडांना मी त्याची दोरी ओढत झोपवले आहे. बारशाला पाळणा म्हणतो, झोळी बांधतो, अंगाई गातो, आणि मांडवीच्या गल्ल्यांतील कोणत्याही मराठी घरात घोडिया उभा नाही असे क्वचितच असते. आपल्या सासूबाईंना तो सोडायला जड जात असेल, तर ते मी समजू शकते.

तरीही आपण घेतलेला निर्णय योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. झोळीचे कापड दोन्ही बाजूंनी वर येते आणि बाळाची पाठ वाकते, त्यामुळे हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मऊ असते. रबरी नळी मध्येच दुमडली की पाणी थांबते, तशी ती मान पुढे वाकल्यावर अरुंद होते. बाळ चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत झोळीत निदान हलत नाही, एकदा ते वळू लागले की मात्र कापडात तोंड जाते आणि वळण अपुरे राहते. म्हणून माझी सूचना अशी आहे की घोडिया घरातून हद्दपार करू नका. बाळ जागे असताना, आपण समोर बसलेलो असताना, संध्याकाळी त्यात घालून चार झोके द्या आणि गाणे म्हणा. झोप डोळ्यांवर आली की मात्र त्याला उचलून कॉटमध्ये न्या. सासूबाईंचा हात दोरीवर राहील आणि बाळ सपाट गादीवर झोपेल.

उत्तर : कारेलीबागेतील दोन मुलांची आई

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण आमच्याकडे धाकट्या मुलीबाबत नेमकी हीच अडचण होती आणि ती सोडवण्यात बरेच आठवडे गेले.

मांडीवर झोपलेले बाळ खाली ठेवताच जागे होते, याची दोन कारणे असतात असे मला अनुभवाने वाटते. पहिले असे की आपण फार लवकर ठेवतो. बाळाचे डोळे मिटतात, परंतु झोप अजून हलकी असते. हात उचलून पाहावा, तो लोंबत खाली आला, मूठ सैल झाली आणि श्वास एकसारखा चालू लागला, की मग ठेवावे. दुसरे कारण म्हणजे डोके आधी खाली जाते, आणि पोकळीत पडल्याचा भास होऊन बाळ दचकते. मी आधी पाय, मग बूड, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोके गादीवर टेकवत असे, आणि हात लगेच काढून न घेता एक हात तिच्या छातीवर व दुसरा पोटाजवळ थोडा वेळ तसाच ठेवत असे. दचकणे थांबले की हाताचा भार हळूहळू कमी करायचा.

परंतु गाढ झोपवून ठेवण्याची ही कला कितीही जमली तरी ती अर्धीच उपयोगी पडते. रात्री दर तासा-दीड तासाने बाळाची झोप हलकी होते, त्याला क्षणभर जाग येते, आणि जर ते झोपताना मांडीवर किंवा झोक्यावर होते व आता स्थिर गादीवर आहे असे त्याला आढळले, तर ते मांडी किंवा झोका मागते. हाच मूळ मुद्दा आहे. म्हणून त्याला डोळे मिटत आलेले असताना, पण पूर्ण झोपलेले नसताना, कॉटमध्ये ठेवायचा प्रयत्न करावा. पहिल्या दिवशी ते रडेल, आपण जवळ बसून थोपटावे, हळू आवाजात तीच अंगाई म्हणावी, गरज वाटली तर उचलून शांत करावे आणि पुन्हा ठेवावे. झोक्याची सवय एका रात्रीत मोडू नका. आम्ही आधी झोके कमी केले, नंतर झोपेआधी ते पूर्ण थांबवून मांडीवर निश्चल बसू लागलो, नंतर कॉटजवळ बसून नुसते थोपटायचे ठरवले, आणि शेवटी आईचा हात कठड्यावर असणे पुरेसे होऊ लागले. प्रत्येक पायरीवर ती काही दिवस स्थिरावू दिली.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. आम्ही दिवेलागणीनंतर कोमट पाण्याने अंग पुसायचे, लंगोट बदलायचा, अंगावर पाजायचे, ढेकर काढायची, दिवा मंद करायचा आणि एकच अंगाई म्हणायची असा क्रम ठरवला होता, आणि घरी पाहुणे आले तरी तो चुकू दिला नाही. पाजणे झोपेच्या अगदी शेवटी न ठेवता थोडे आधी ठेवल्यामुळे पिता पिता झोपण्याची सवयही सुटली. सात-आठ महिन्यांचे बाळ आई दिसेनाशी झाली की घाबरू लागते, त्यामुळे या वयात रडण्याचा सूर पूर्वीपेक्षा वाढू शकतो. त्याचा अर्थ कॉट बाळाला आवडत नाही असा घेऊ नये. दिवसा त्याला कॉटमध्ये जागे असताना थोडा वेळ खेळू द्यावे, चेहरा रुमालाआड लपवून पुन्हा दाखवण्याचा खेळ खेळावा, म्हणजे ती जागा ओळखीची होते आणि आई गेली तरी परत येते हेही त्याला कळते.

उत्तर : बडोदेकर बाबा

कॉटची रचना तपासण्याचे काम घरातील कोणीतरी टेप घेऊन करावे असे मला वाटते, कारण सल्ला कितीही चांगला असला तरी कॉट सदोष असेल तर त्याचा उपयोग नाही. दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. थंड पेयाचा साधा डबा आडवा धरून गजांमधून आत गेला, तर अंतर जास्त आहे. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा अधिक फट नसावी, कारण त्या फटीत बाळाचा चेहरा अडकू शकतो. आपल्याकडे पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून मऊ गादी शिवून घेण्याची पद्धत आहे. ती नव्याने फुगलेली असताना बाळासाठी योग्य नाही, आणि जुनी झाल्यावर मध्येच खोलगट होते. गादीवर पंजा दाबून उचलावा. ठसा रेंगाळला तर ती फार मऊ आहे. चादर कोपऱ्यांना घट्ट बसणारी हवी. संखेड्याच्या किंवा अन्य जुन्या लाकडी पाळण्यात बाळ झोपत असेल, तर त्याचे सैल सांधे आणि बाहेर आलेले खिळे हाताने तपासावेत. आमच्या घरी एका गजाचा खिळा सुटून लाकूड हलत होते, आणि ते हात फिरवल्यावरच लक्षात आले.

आपला मुलगा बसायला लागण्याच्या आधी कॉटचा तळ एक टप्पा खाली घ्यावा, आणि धरून उभा राहू लागला की सर्वांत खाली. मच्छरदाणी हवीच असेल तर ती कॉटच्या बाहेरून ताणून बांधावी, तिचा झोळ आत लोंबता कामा नये. एप्रिल-मेमध्ये बडोद्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पंखा चालू ठेवावा, एकच पातळ सुती झबले घालावे आणि कुंची झोपेत काढून ठेवावी. हातपाय थंड लागले म्हणून बाळ गारठले असे समजू नये. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून पाहावे, तिथे घाम असेल तर कपडे कमी करावेत. हिवाळ्यात गोधडीऐवजी अंगात बसणारी झोपेची पिशवी वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण ती तोंडावर येत नाही. तान्हेपणी दुपट्यात गुंडाळण्याची सवय राहिली असेल तर ती आता पूर्ण बंद करायला हवी. वळणाऱ्या बाळाचे हात बांधलेले असणे योग्य नाही.

पुन्हा प्रश्न : मांजलपूरची आई

सर्वांचे मनापासून आभार. मी वरील उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. दुधाची आणि श्वासनलिकेची रचना कळल्यावर त्यांनी स्वतःच लोड बाजूला ठेवले. घोडियाविषयी आजींनी सुचवलेला मार्ग त्यांना फार आवडला.

एक-दोन गोष्टी मात्र विचारायच्या राहिल्या. रात्री अर्धवट जागा झाल्यावर तो गुडघ्यांवर येऊन पुढेमागे डोलतो, आणि काही वेळा डोके कठड्यावर आपटते. दुसरे म्हणजे कधी कधी तो मान मागे टाकून झोपलेला दिसतो, आणि तोंड बहुतेक वेळा उजवीकडेच असते. झोप लागताना एखादा हात अचानक उडतो, तेही पाहून मी घाबरते. यात डॉक्टरांना दाखवण्यासारखे काही आहे का?

उत्तर : निवृत्त बालरोग परिचारिका

डोलणे आणि डोके आपटणे हे सहा ते नऊ महिन्यांच्या वयात सुरू होऊ शकते. झोपेत शिरण्यासाठी पुष्कळ बाळे अशी तालबद्ध हालचाल करतात, आणि बहुतेकांची ही सवय चौथ्या वर्षापर्यंत आपोआप सुटते. आपला मुलगा दिवसा हसतो, खेळतो, नवनवीन गोष्टी शिकतो, तर त्यात काळजीचे कारण नाही. कठड्यावर मऊ काही बांधू नका. कॉट भिंतीपासून थोडी दूर घ्या आणि सांध्यांचे स्क्रू वरचेवर आवळा, कारण डोलण्याने ते ढिले होतात.

झोप लागताना एखाददुसरा झटका येणे सामान्य आहे. ते झटके फक्त झोपेत येतात आणि बाळाला जागे केले की थांबतात. परंतु झोपेतून उठल्याबरोबर हात वर उडणे, मान पुढे वाकणे असे झटके लागोपाठ, ठराविक अंतराने एका पाठोपाठ येत असतील, किंवा बाळाचे हसणे, बघणे मंदावले असेल, तर उशीर न करता डॉक्टरांना दाखवावे. असा प्रकार दिसला तर मोबाइलवर चित्रफीत काढून ठेवावी, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटके थांबलेले असतात आणि डॉक्टरांना वर्णनापेक्षा चित्रफितीवरून अधिक कळते.

तोंड नेहमी उजवीकडेच राहत असेल, तर एक साधी गोष्ट करून पाहा. बाळाला उताणे ठेवून खेळणे किंवा आपला चेहरा त्याच्या डावीकडे न्या. ते पूर्णपणे डावीकडे वळून पाहत असेल, तर ही त्याची आवड आहे. कॉटमध्ये त्याचे डोके ज्या बाजूला असते ती बदलली, म्हणजे आईच्या पलंगाकडे पाहण्यासाठी त्याला डावीकडे वळावे लागेल. परंतु डावीकडे पूर्ण वळताना ते अडखळत असेल, किंवा मानेच्या एका बाजूला गाठ, ताठ दोरी असल्यासारखे हाताला लागत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि मग फिजिओथेरपिस्टकडे जावे. व्यायाम लवकर सुरू केले की तो चांगला सुधारतो.

मान मागे टाकण्याबाबत अधिक लक्ष द्यावे असे मी म्हणेन. नुसती मान मागे गेलेली आहे, चेहरा शांत आहे, श्वास एकसारखा आहे, तर ती त्याची झोपण्याची ढब असू शकते. तोंड उघडे ठेवून, घोरत, छाती आत ओढत तो श्वास घेत असेल, तर नाक किंवा घशातून हवा नीट जात नसल्याने तो मान ताणत असण्याची शक्यता असते आणि हे डॉक्टरांना सांगायला हवे. दूध प्यायल्यावर ठराविक वेळाने मान वाकडी करून पाठ कमानीसारखी ताठ करत असेल, तर आम्लपित्त वर येण्याचा त्रास असू शकतो, तेही दाखवावे. ताप, सुस्ती, दूध न घेणे, टाळू फुगलेली दिसणे किंवा उचलताना किंचाळणे यांपैकी काही असताना मान मागे ताठ झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नये. श्वास फार जलद वाटत असेल तर तो शांत झोपलेला असताना पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास जलद मानले जातात, आणि तसे आढळल्यास, त्यात छातीही आत ओढली जात असेल तर विशेषच, बाळाला रात्री असो वा पहाटे, लगेच रुग्णालयात न्यावे.